पावने

पाऊस थांबला तो थांबलाच. वाफ्यातल्या धानाच्या पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, टोकं पिवळी पडायला लागली. धनीराम रोज सकाळी वाफ्यापाशी उकिडवा बसे, एक रोप उपटून त्याची मुळं बोटांत धरून पाही आणि तेच रोप पुन्हा मातीत खोचून ठेवी. रोपाचं वय वाढत चाललं होतं. वय झालेलं रोप रोवलं की फुटवे कमी येतात. पण बांधीत, धानाच्या खाचरात, चिखलणीपुरतं पाणी नव्हतं, आणि चिखल नाही तोवर रोवणा नाही.

बोडीत, गावच्या छोट्या तळ्यात, पाणी होतं. बोडी टोलीच्या वरच्या अंगाला, जंगलाला टेकून. तिथलं पाणी बांधीपर्यंत ओढायला डिझेलचं इंजिन लागायचं आणि अख्ख्या टोलीत इंजिन एकट्या छोटेलालकडे होतं.

धनीराम त्याच्याकडे जाऊन आला. आल्यावर त्याने चपला भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. एरवी तो तसं करत नसे.

त्याची बायको दुर्पता अंगणात तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता तिने विचारलं, "का म्हनला छोटेलाल?"

"देतो म्हनला."

"मंग आनलं नाई?"

"रोवणा झाला का घेऊन जाय म्हनला."

शेजारची देवकाबाई कुंपणापलीकडे शेळीला पाला टाकत होती. टोलीतल्या रोवणाऱ्या बायांची ती म्होरकी. कोणाच्या बांधीत कधी उतरायचं ते तीच ठरवायची. ती हसली.

"रोवणा झाल्यावर इंजन आनून त्याची आरती कराची का गा? नाई म्हनला तो. मानसाले तोंडावर नाई म्हनवत नाई, त रोवणा झाल्यावर म्हंते."

"मले समजते," धनीराम म्हणाला.

"समजते त मंग बसला काऊन होता तठी एवढा वेळ?"

धनीराम उठून आत गेला. ओट्यावर बसलेल्या भूमिकाने मान खाली घातली आणि हातातला झेरॉक्सचा कागद डोळ्यांच्या आणखी जवळ नेला. बापाच्या मानेवरची शीर ताठ झालेली तिने पाहिली होती आणि पाहिली हे त्याला कळायला नको होतं.

भूमिका मार्चच्या दहावीत नापास झाली होती. बाकी सगळे विषय निघाले, विज्ञानात तर तिचे गुण शाळेत वरचे होते. इंग्रजी राहिलं. जुलैच्या फेरपरीक्षेत ते निघालं तर गोरेगावला अकरावी विज्ञान. नाही निघालं तर काय, हे घरात कोणी स्पष्ट बोललं नव्हतं.

*

शाळेत पहिल्या तासाच्या आधी रश्मी मॅडम नापास झालेल्यांना प्रयोगशाळेत बसवून इंग्रजी घ्यायच्या. त्या गोंदिया शहरातल्या. बोलता बोलता हिंदीत जायच्या आणि आपण गेलो हे त्यांना कळायचं नाही. वर्गात तीन मुलगे मागच्या बाकावर आणि पुढे भूमिका आणि प्रिया.

मॅडमनी फळ्यावर तक्ता काढला होता. डावीकडे अलंकाराचं इंग्रजी नाव, उजवीकडे ओळखायची खूण. सिमिलीची खूण 'लाइक' किंवा 'ॲज'. भूमिकाला सिमिली आवडायची. तिच्यात लिटमससारखं होतं. कागद बुडवायचा, रंग बदलला की झालं. पुढच्या रकान्यापासून मात्र लिटमस चालेनासा व्हायचा.

"तिचा चेहरा चंद्रासारखा, ही सिमिली," मॅडम म्हणाल्या. "तिचा चेहरा चंद्रच, हे मेटाफर. चंद्र हसला, हे पर्सनिफिकेशन. समझ में आया?"

"मॅडम, चंद्र हसला म्हणजे चंद्राला चेहरा झाला," भूमिका म्हणाली. "मग ते मेटाफर पण झालं ना?"

"असू शकतं."

"मग दोन्ही लिहायचं?"

"पेपर में एकच लिहायचं."

"कोणतं?"

मॅडमनी फळ्याकडे पाहिलं. "जे पहिले आठवेल ते."

भूमिकाने तसं लिहून घेतलं. मग खोडलं. एका पदार्थाला दोन गुणधर्म असले तर दोन्ही लिहायचे, असं विज्ञानाच्या सरांनी शिकवलं होतं.

शेवटचा रकाना युफेमिझमचा होता. वाईट वाटणारी गोष्ट गोड करून सांगणं. मेला न म्हणता देवाघरी गेला म्हणणं. मॅडमनी आपापली उदाहरणं सांगायला सांगितली. प्रिया पुटपुटली, "बाहेर बसली." दोघी हसल्या आणि मागच्या बाकावरचे मुलगे एकदम वही उघडून वाचायला लागले.

"मॅडम," भूमिका म्हणाली, "नाव घेतलं की तो येतो, म्हणून एखाद्याचं दुसरंच नाव घेतात. ते यात येते का?"

"कोण येतो?"

"तो."

"तो कोण? नाव सांग ना."

"नाव कसं सांगू, मॅडम?"

मागून हसू आलं. मॅडमना वाटलं आपल्याला हसताहेत. त्यांचा चेहरा आखडला. "खडी हो जा. उदाहरण दिलंय तर पूर्ण दे."

भूमिका उभी राहिली. उदाहरण तिच्यापाशी होतं, पण ते द्यायचं म्हणजे तेच करायचं जे न करण्याचं ते उदाहरण होतं. शेवटी प्रिया म्हणाली, "पावना, मॅडम. जंगलातला."

"पाहुणा? पाहुणा तो गेस्ट होता है." मग मॅडमच्या लक्षात आलं. "अच्छा. टायगर."

वर्ग सैलावला. इंग्रजीत घेतलेलं नाव त्याला कळत नसावं.

मॅडमनी खडू उचलला. "टायगरला गेस्ट म्हटलं. भीतीची गोष्ट गोड केली, म्हणजे युफेमिझम. पण टायगर इज अ गेस्ट म्हटलं तर मेटाफर होईल. आणि गेस्ट माणूस असतो, म्हणजे पर्सनिफिकेशन भी..." खडू फळ्याला टेकलेला तसाच राहिला. त्याखाली पांढरा ठिपका उमटला. "हे सिलॅबसमध्ये नाही. बैठ जा."

*

संध्याकाळी धनीरामचा फोन वाजला. तो अंगणात जाऊन बोलला आणि आत येऊन चुलीपाशी बसला.

"बोदलकस्याकडचे पावने भूमिकाले पाहाले यतो म्हंतेत," तो म्हणाला. "दुर्गेशचे वडील. पोट्टा गोंदियाले मोबाइलच्या दुकानात हाय. पानी नाई, काम नाई, त मोकळे हावो म्हंतेत. दोन-चार दिवसांत यऊन जातीन."

दुर्पताने भाकर तव्यावर टाकली. "पेपर हाय ना तिचा."

"मंग? पाहून जातीन. का खाऊन जातीन?"

"पेपर हो द्या."

"लगन का आत्ता कराचं हाय? अठरा झाल्याबिगर नाईच. बोलून ठेवाचं नुसतं. अन् पेपर निंगला नाई त मंग कोन बोलनार हाय?"

भाकर उलटताना दुर्पताने उलथनं घेतलं नाही, बोटांनीच उलटली. भूमिका आतल्या खोलीत होती. ती युफेमिझमचा अर्थ पाठ करत होती, तो एकदम कुठे गेला ते तिला कळेना. बोलून ठेवायचं नुसतं. हे वाक्य कोणत्या रकान्यात बसतं याचा ती विचार करत राहिली. बाबा तिला गोड करून सांगत होते की खरंच तेवढंच होतं?

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ढग भरून आले आणि परतलेला पाऊस रात्रभर पडला. सकाळी बांधीत घोट्याच्या वर पाणी होतं. आता सगळ्यांना एकदमच ट्रॅक्टर हवा होता आणि एकदमच बाया हव्या होत्या. देवकाबाईने पाळी लावली. धनीरामची एक बांधी आधी चिखलून झाली आणि बाया उतरल्या. पेपर जवळ आला होता, पण रोवण्यात घरची पोरगी घरी बसली असं कधी झालं नव्हतं. भूमिकाही उतरली.

पाठीवर प्लास्टिकची पन्नी, कंबर वाकलेली, डाव्या हातात रोपांची पेंडी. उजव्या हाताने दोन-तीन रोपं सुटी करायची, अंगठ्याने चिखलात दाबायची, पाय मागे घ्यायचा. पुन्हा. डोळ्यांसमोर फक्त हात आणि पाणी. पाऊस पन्नीवर वाजत होता. पहिल्या दिवशी कंबर दुखते, दुसऱ्या दिवशी मांड्या, आणि मग काय दुखतं ते वेगळं सांगता येत नाही.

भूमिका पुटपुटत होती. सिमिली, मेटाफर, पर्सनिफिकेशन, हायपरबोली.

"कोनती बोली वं?" शेजारच्या ओळीतून देवकाबाईने विचारलं.

"हायपरबोली."

"आपली झाडीबोली. ते पवारी बोली, ते गोंडी बोली. हे हायपरबोली कोठची?"

"बोली नाई मावशी. खूप वाढवून सांगनं. एवढासा पाऊस आला त गाव वाहून गेलं म्हननं."

"त मंग तुह्या बापाची बोली हाय."

बाया हसल्या. दुर्पताही हसली. तिने मान वर केली नाही पण तिची पन्नी हलली.

"अन् गोड बोलून कडू सांगते ते कोनतं?" भूमिकाने एकदा सांगितलेलं देवकाबाईच्या लक्षात राहिलं होतं.

"युफेमिझम."

"उफेमिजम. ते छोटेलालची."

थोड्या वेळाने देवकाबाई हळू आवाजात म्हणाली, "बोडीकडे कोनी एकटी जाऊ नोका. पावने यऊन गेले. काठाले पाय उमटले हायेत, हे एवढे."

"किती झन?" एका नव्या सुनेने विचारलं. ती भंडाऱ्याकडून आली होती.

सगळ्यांचे हात थांबले. मग दुर्पताने तिला समजावलं, "एकच असते बाई. मान देऊन बोलाव लागते."

*

पेपरच्या दिवशी धनीराम भूमिकाला मोटारसायकलने गोरेगावला सोडणार होता. पण ट्रॅक्टरची पाळी त्याच सकाळी आली. पाळी चुकली की मग कधी येईल ते सांगता येत नव्हतं. तो पहाटेच खालच्या बांधीकडे निघून गेला. जाताना दारातून म्हणाला, "फाट्यावरून काळी-पिवळी जीप भेटन. लवकर निंग." मग थोडं थांबून म्हणाला, "पावने आज नाई त उद्या यतो म्हंतेत. पानी पडलं तरी यतो म्हंतेत."

दुर्पताने वर पाहिलं. तो गेला होता.

भूमिकाने शाळेचा पंजाबी ड्रेस घातला, ओढणीला पिन लावली, हॉल तिकीट आणि पेन पन्नीच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलं. दुर्पताने तिच्या हातावर साखर ठेवली आणि ती बायांबरोबर वरच्या बांधीत गेली.

टोलीपासून फाट्याला सडक जाते. पाऊस थांबून ऊन-सावली पडली होती. भूमिका सडकेला लागणार एवढ्यात नाल्यापलीकडून हाक आली. छोटेलाल आपल्या म्हशी हाकत घाईघाईने घराकडे चालला होता. एका हाताने तो लांबूनच तिला मागे वळ, मागे वळ अशी खूण करत होता.

"भूमिकाऽ, तिकडून नोको जाऊ. सडकेवर पावने बसले हायेत."

"कोठी?"

"फाट्याच्या अलीकडे. घरी जाय, घरी. बापाले सांग."

म्हशी पुढे गेल्या आणि तोही त्यांच्यामागे दिसेनासा झाला.

भूमिका जागीच उभी राहिली. आले. पेपरच्या दिवशी, पेपरच्या वेळी. फाट्याजवळ चहाची टपरी होती, तिथे बसले असतील. पाऊस उघडायची वाट पाहत. छोटेलालला कळलं, म्हणजे टोलीत सगळ्यांना माहीत होतं. घरी जा, बापाला सांग. म्हणजे तिने घरी जायचं, साडी नेसायची, पाण्याचे पेले न्यायचे. आणि काळी-पिवळी निघून जाणार. बाबांनी सकाळी दारातून सांगितलं ते हेच होतं का? ट्रॅक्टरची पाळी खरंच आजच आली होती का? आई साखर देताना काही बोलली नव्हती. आईला माहीत होतं का? एकेक गोष्ट उचलून पाहिली की तिच्याखाली दुसराच अर्थ निघत होता, आणि खूण कशालाच नव्हती.

ती घरी गेली नाही. सडकेनेही गेली नाही. नाल्याच्या काठाने जंगलाला लागून एक पायवाट फाट्याच्या पुढे निघते. सरपणाला जाणाऱ्या बायांची वाट. त्या वाटेने गेलं तर टपरी टाळून थेट गाडीच्या थांब्याशी जाता येत होतं. तिने चपला हातात घेतल्या आणि वळली.

काठाच्या ओल्या वाळूत पाय रुतत होते. जांभळीची झाडं खाली वाकलेली. ती मनातल्या मनात पावन्यांशी बोलत होती, इंग्रजीत, जे तिला येत नव्हतं. मग तिला जाणवलं की आपलाच श्वास फार मोठ्याने ऐकू येतोय. पाखरं नव्हती. वर कुठेतरी एक वानर खाकरलं, पुन्हा खाकरलं, आणि थांबलं.

वाळूत पुढे एक ठसा होता. तिच्या तळहातापेक्षा रुंद. कडा धारदार, अजून ढासळलेल्या नाहीत. मधल्या खड्ड्यात खालून पाणी झिरपत होतं आणि ते पाणी गढूळ होतं. गाळ खाली बसायला वेळ लागतो. हा गाळ बसला नव्हता. ठसा सडकेकडून आला होता आणि ती जात होती त्याच दिशेला गेला होता.

पावने म्हणजे एकच होता.

एवढं कळल्यावर खरं तर भीती वाटायला हवी होती. ती वाटलीच, पण तिच्या आधी काहीतरी सुटल्यासारखं झालं. बाबा खोटं बोलले नव्हते. आई खोटं बोलली नव्हती. पाठ फिरवायची नाही, पळायचं नाही, हे टोलीत चालायला लागल्यापासून शिकवतात. ती ठशाकडे पाहत एक पाय मागे घेऊ लागली. रोवण्यात घेतात तसाच. पाय मागे, मग दुसरा. पन्नीची पिशवी छातीशी चुरचुरत होती.

*

वरच्या बांधीत बायांनी तिला येताना पाहिलं. ड्रेस चिखलाने माखलेला, ओढणी एका पिनेवर लोंबलेली.

"माय," ती म्हणाली, "सडकेवर पावने बसले म्हने. मी नाल्याकडून गेलो, त नाल्यात पाय हायेत."

"कोनते पावने?" दुर्पताने विचारलं.

"पावना."

दुर्पता सरळ झाली. हातातली पेंडी पाण्यात पडली. तिने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, मग सडकेकडे.

"गाडी किती वाजता हाय?"

"आत्ताच."

देवकाबाईने कंबरेवर हात ठेवून पाठ मागे मोडली. "चला वं. रोवणा कोठी पळून नाई जात."

बाया बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर चढल्या. कोणी पेंड्या वाहायचं टिनाचं घमेलं उचललं, कोणी काठी, भंडाऱ्याच्या सुनेने स्टीलचा डबा आणि झाकण. भूमिकाला मधे घेतलं. घमेलं वाजायला लागलं.

"गप्प नोका राहू," देवकाबाई म्हणाली. "गाना म्हना."

पण रोवण्याचं गाणं चालताना जमेना. ते वाकून म्हणायचं गाणं. दोन ओळींत सगळ्यांचा दम तुटला.

"भूमिका, तू तुह्यं म्हन. रोज म्हंतस ते."

"कोनतं?"

"तेच वं. बोली."

भूमिकाने पिशवी छातीशी घट्ट धरली. "सिमिली."

"सिमिलीऽ," बाया ओरडल्या. घमेल्यावर काठी पडली.

"मेटाफर."

"मेटाफरऽ."

"हायपरबोली."

"हायपरबोलीऽ." हे सगळ्यांना येत होतं. ते त्यांनी दोनदा म्हटलं.

चिखलाने गुडघ्यापर्यंत काळ्या झालेल्या बाया लुगड्याचे काचे मारून सडकेने चालल्या होत्या. सडकेवर पाणी साचलं होतं, त्यात ढग दिसत होते. पर्सनिफिकेशन कोणालाच म्हणता आलं नाही. उफेमिजम देवकाबाईने एकटीने म्हटलं. जंगल जागचं हललं नाही. भूमिका शब्द एकामागून एक उचलून देत होती आणि आपण काय देतोय ते तिला कळत नव्हतं. त्यांचा अर्थ गेला होता, नुसता आवाज उरला होता आणि तो उपयोगी पडत होता.

फाट्याच्या अलीकडे जंगल खात्याचा एक गार्ड काठी आडवी धरून उभा होता. त्याने दोन मोटारसायकली थांबवून ठेवल्या होत्या. त्यांच्याभोवती इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं पायाला पाय लावून उभी होती.

"उतरला तो नाल्यात," गार्ड बायांना म्हणाला. "आता जा बिनधास्त. का गोंधळ लावला तुमी? मी इकडून आयकून रायलो, काही समजून नाई रायलं."

"तुमी कोन जी?" दुर्पताने त्या माणसांना विचारलं.

त्यातला वयस्क पुढे आला. गळ्यात पांढरा दुपट्टा. "आमी पावने."

घमेल्यावरची काठी थांबली. मग भंडाऱ्याच्या सुनेला हसू फुटलं आणि ते आवरायला तिने डबा तोंडाशी धरला.

"इथी सध्या तसं म्हनू नोका जी," गार्ड म्हणाला.

वयस्क माणूस गोंधळला. "धनीरामकडे जाचं होतं. बोदलकस्यावरून आलो. घर कोठी पडते?"

"मी धनीरामची मंडळी," दुर्पता म्हणाली आणि चिखलाच्या हाताच्या मनगटाने तिने पदर डोक्यावर ओढला. पदरालाही चिखल लागला.

त्याने तिला पाहिलं. मग भूमिकाला. त्याची नजर खाली गेली, चिखलाने भरलेल्या पायांवर थांबली. "हेच का पोट्टी?"

"हेच. पेपरले चालली."

"अस्सी चालली पेपरले? का रोवणाचा पेपर हाय?" मागची माणसं हसली. "तसं चांगलंच हाय. रोवणा येते त घर चालते. आमच्याकडे बाया भेटत नाईत." त्याने भूमिकाच्या पायांकडे पुन्हा पाहिलं, बैलाच्या खुराकडे पाहावं तसं. "आता भेटलोच हावो त दोन शब्द इथीच बोलून घेऊ."

लांबून काळी-पिवळी येत होती. देवकाबाईने भर सडकेत घमेलं आडवं धरलं.

"घरी जा, पानी प्या जी," दुर्पता म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. "अन् त्या बोलन्याचं, रोवणा झाला का सांगू."

वयस्क माणसाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या गावातही रोवणा होत असणार. त्याने दुपट्टा खांद्यावर सारखा केला.

"बरं," तो म्हणाला. "मंग पानी राहू द्या."

गाडी सुटली तेव्हा भूमिकाने मागच्या काचेतून पाहिलं. मोटारसायकली तोंड फिरवत होत्या आणि बाया घमेलं पालथं करून त्यातलं पाणी काढत होत्या. आई काय म्हणाली ते तिने ऐकलं होतं. ते कुठेतरी आधीही ऐकलं होतं. गाडी गोरेगावच्या वळणाला लागली तेव्हा तिला आठवलं कुठे.

*

परीक्षेच्या वर्गाच्या दारात तिला थांबवलं गेलं. उशिरासाठी नाही, पायांसाठी. फरशी नुकतीच पुसली होती. "पहले पाय धुऊन ये," पर्यवेक्षक म्हणाले आणि सगळ्या वर्गाने तिच्या पायांकडे पाहिलं. नळाला पाण्याची धार बारीक होती. नखांच्या कडांतला चिखल निघाला नाही. ती तशीच जाऊन बसली.

पेपरमध्ये एक ओळ होती. पावसाला गाव आठवेना, अशा अर्थाची. अलंकार ओळखा. तिने पर्सनिफिकेशन लिहिलं. मग ते खोडून मेटाफर लिहिलं. मग तेही खोडलं आणि पर्सनिफिकेशन लिहून शेजारी कारणही लिहिलं. कारण विचारलं नव्हतं. कवितेच्या रसग्रहणात तिने बरंच लिहिलं, त्यातलं किती बरोबर होतं ते तिला सांगता आलं नसतं.

दुपारी ती परतली आणि ड्रेस बदलून बांधीत उतरली.

"आलं का वं ते?" देवकाबाईने विचारलं. "उफेमिजम?"

"नाई आलं."

"नाव घेतलं नसन."

ऊन उतरलं तेव्हा धनीराम खालच्या बांधीतून आला. ट्रॅक्टरने उडवलेला चिखल त्याच्या भुवयांपर्यंत वाळला होता. तो धुऱ्यावर उभा राहिला.

"छोटेलाल म्हंते, पावने यऊन परत गेले. घरी काऊन नाई आले?"

दुर्पता रोवत राहिली. "सडकेवरच भेटले."

"का म्हनलं तू त्याइले?"

"रोवणा झाला का सांगू म्हनलं."

"बरं केलं. आत्ता कोनाले वेळ हाय. रोवणा झाला का मीच जाऊन..."

तो बोलता बोलता थांबला. बायांचे हात चालू होते, पण कोणी बोलत नव्हतं. देवकाबाईसुद्धा. धनीरामने टोलीकडे पाहिलं. छोटेलालच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलेलं इंजिन इथूनही दिसत होतं. मानेवरची शीर वर आली आणि हळूहळू खाली बसली. धुऱ्यावर पेंड्यांचा ढीग होता. त्यातली एक उचलून त्याने तिचा बंध उगाच सोडला आणि पुन्हा बांधला.

"भूमिका," तो म्हणाला, "हे असं बोलतेत, रोवणा झाल्यावर, त्याले तुह्या इंग्रजीत का म्हंतेत?"

भूमिकाने रकाने आठवले. गोड करून कडू सांगणं, हे एक. जे म्हणायचं त्याच्या उलट म्हणणं, हे दुसरं. आणखी एक होतं, ते आठवत नव्हतं.

"दोन-तीन होतेत, बाबा."

"एकच सांग."

तिने रोपाची मुळं अंगठ्याने चिखलात दाबली. पाणी वर आलं, गढूळ झालं.

"नो," ती म्हणाली.

धनीरामने हातातली पेंडी तिच्या पुढ्यात, हात पोचेल एवढ्या अंतरावर, पाण्यात टाकली आणि दुसरी आणायला वळला.